उघड्यावर झोपताना राखण कुणाची?

२०२५ च्या मे महिन्यात गावी जाताना मी पुण्याहून टेंट घेऊन गेलो. दोन माणसांचा, ऑनलाइन सेलमध्ये घेतलेला. शिरड शहापूरला आमच्या घराच्या स्लॅबवर संध्याकाळी तो उभा केला. स्लॅबमध्ये खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून चार कोपऱ्यांत पाण्याने भरलेल्या कळशा ठेवल्या आणि दोऱ्या त्यांना बांधल्या. आजी जिना धरत धरत वर आली. टेंटभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "घरावर आन् घर कामून बांधायलास?"

मी हसलो, पण उत्तर काही सुचलं नाही. सुट्टी संपवून पुण्याला परतल्यावरही तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. आपल्याकडे छप्पर असताना उघड्यावर झोपायला जायचं, आणि तिथे जाऊन पुन्हा कापडाचं छप्पर उभारायचं, यात आपण नेमकं काय मिळवतो? यावर विचार करताना मला माझ्याबद्दलची एक गोष्ट आठवत राहिली. ती सांगायला आवडत नाही, पण तिच्याशिवाय बाकीच्या लेखाला अर्थ नाही. ती शेवटी येईल.

आधी सोपा भाग. झोपायला टेंट बरा की बाज?

आमचं गाव औंढा-वसमत रस्त्यावर आहे. मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे काहींना ते ऐकून माहीत असतं. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर जातो. आबा होते तोवर आमचं घर धाब्याचं होतं, वर पांढऱ्या मातीचं माळवद. मातीतून उष्णता हळू वाहते, त्यामुळे दिवस मावळला की वरचा थर लवकर निवतो. काँक्रीटचा स्लॅब आतपर्यंत तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता बाहेर टाकत बसतो. त्या स्लॅबवर मी टेंट लावला होता. वरचं कापड काढून नुसती जाळी ठेवली तरी वारा अडतच होता. साडेअकराला मी घामाघूम होऊन बाहेर आलो आणि मच्छरदाणी लावलेल्या बाजेवर आडवा झालो. बाजेला खालूनही वारा लागतो. पाच मिनिटांत झोप लागली.

हिवाळ्यात वेगळी अडचण. निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते. टेंटचं कापड पातळ, ते भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं आणि त्यावर दव धरतं. आतून आपल्या श्वासाची वाफ त्याच कापडावर जमते. पहाटे थेंब तोंडावर पडतात तेव्हा वाटतं टेंट गळतोय, पण तो आपलाच श्वास असतो. झाडाखाली दव कमी पडतं, कारण फांद्या मधे येतात. राखणीला शेतात झोपणाऱ्यांना हे भौतिकशास्त्र न शिकता माहीत असतं.

आणि साप. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका बारीक असतो की कित्येकदा माणूस जागाही होत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, तेव्हा कळतं. म्हणून डॉक्टर सांगतात, जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. इथे चेन बंद केलेला टेंट आणि खोचलेली मच्छरदाणी दोन्ही सारख्याच कामाच्या. फक्त पावसात टेंट निर्विवाद जिंकतो.

म्हणजे उन्हाळ्यात बाज, पावसाळ्यात टेंट, हिवाळ्यात झाडाखाली किंवा सरळ घरात. सोयीचा प्रश्न एवढ्यात सुटतो. आजीचा प्रश्न तिथेच राहतो.

डिसेंबर २०२४ मध्ये ऑफिसमधले आम्ही आठ जण पवना धरणाच्या काठी कॅम्पिंगला गेलो होतो. माणशी तेराशे रुपये. त्यात बार्बेक्यू, रात्रीचं जेवण, सकाळी पोहे. पाण्याकडे तोंड करून पन्नाससाठ टेंट एका रांगेत. दहा वाजता स्पीकर बंद झाला आणि मी मेल्यासारखा झोपलो. पहाटे तीनला बाहेर आलो तर फाटकाजवळ एक काका शेकोटीशी बसलेले. काठावरच्याच गावातले. मी विचारलं, "काका, झोपत नाही का?" ते म्हणाले, "मी झोपलो तर तुमच्या गाड्या कोण बघणार?"

परत टेंटमध्ये शिरलो, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. मी समजत होतो की मी तेराशे रुपये आकाशाचे, पाण्याचे आणि मोकळ्या हवेचे दिले. या गोष्टी फाटकाच्या बाहेरही तशाच होत्या आणि फुकट होत्या. मी पैसे दिले होते ते एका जाग्या माणसाचे.

झोपणं ही तशी फार धाडसी गोष्ट आहे. सहासात तास आपण कुणाच्याही हाती असतो. सगळ्यात बलवान माणूसही झोपेत तान्ह्या बाळाइतकाच दुबळा. थॉमस हॉब्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १६५१ साली 'लेव्हायथन' या ग्रंथात वाचकाला साधारण असं विचारलं होतं: माझं म्हणणं पटत नसेल तर स्वतःकडे बघा, झोपताना दाराला कडी का लावता? म्हणजे शेजाऱ्यांबद्दल तुमचं खरं मत काय आहे? त्याच्या मते माणसं मुळात एकमेकांना भितात आणि दाराची कडी हा त्याचा पुरावा.

हॉब्स आमच्या माळवदावर कधी झोपला नाही. तिथे कडीच नव्हती. एका माळवदावरून दुसऱ्यावर पाय टाकून जाता यायचं. उन्हाळ्यात शेजारीपाजारी सगळे वर. अंधारात कुणाच्या तरी बिडीचं टोक लाल दिसायचं, आबा खोकायचे, पलीकडच्या माळवदावरून कुणीतरी विचारायचं, "झोपलास का रे?" ठरवून कुणीच राखण करत नव्हतं. पण रात्रीच्या कुठल्याही वेळी पन्नास माणसांत एखादं जागं असायचंच, आणि ते आपलं होतं.

२०११ च्या जूनमध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर आंदोलनासाठी आलेले हजारो लोक झोपलेले असताना मध्यरात्री पोलिसांनी त्यांना हुसकावलं. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ फेब्रुवारी २०१२ रोजी निकाल दिला. झोप ही जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं त्या निकालात म्हटलेलं आहे. श्वास घेणं, खाणं, पिणं, तसंच झोपणं. मला हा निकाल वाचून आश्चर्य वाटलं, कारण झोपेला हक्क म्हणून बघण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. ज्यांना कुणी उठवत नाही त्यांना झोप ही निसर्गाची देणगी वाटते. ज्यांना उठवलं जातं त्यांना कळतं की ती दुसऱ्यांनी द्यावी लागते.

इथे एक सोपं उत्तर समोर येतं: छंद म्हणून उघड्यावर झोपणारे वेगळे आणि मजबुरीने झोपणारे वेगळे. पहिल्यांना परतायला घर असतं, दुसऱ्यांना नसतं. विषय संपला. मलाही बरेच दिवस असंच वाटत होतं. पण हे उत्तर आमच्या गल्लीतच चुकतं.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. आमच्या भागाला जमिनीचा हा स्वभाव नवा नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावात कित्येक वर्षांपासून जमिनीतून आवाज येतात. पण घरातली भांडी पडावीत इतका हादरा बाबांनी पहिल्यांदाच अनुभवला. मी पुण्यात होतो. फोनवर आई म्हणाली, आज बाहेरच झोपणार. पुढच्या चार रात्री आमची अख्खी गल्ली घरं सोडून अंगणात आणि रस्त्यावर झोपली.

बाबांना किल्लारी आठवत होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटं. गणेश विसर्जनानंतरची ती रात्र. सुमारे दहा हजार माणसं गेली, बहुतेक झोपेत, दगडमातीच्या भिंती आणि धाब्याची जड छपरं अंगावर कोसळून. ज्या पांढऱ्या मातीच्या माळवदाचं मी वर इतकं कौतुक केलं, त्याच मातीखाली. माळवदाची आठवण काढून हळवं होताना हेही लक्षात ठेवलं पाहिजे. वर झोपणाऱ्याला ते थंडावा देत होतं, पण खाली झोपलेल्याच्या डोक्यावर ते टनावारी ओझं होतं.

तर मार्चच्या त्या चार रात्री आमची गल्ली हौसेने बाहेर झोपली नव्हती. ती शुद्ध मजबुरी होती. तरीही कुणी येऊन विचारलं नाही की तुम्ही इथे कोण, किती दिवस थांबणार. रात्री पोलिसांची गाडी आली ती विचारपूस करायला. किराणा दुकानदाराने बाहेरचा दिवा रात्रभर चालू ठेवला. माणसं भीतीने जागी होती, पण एकमेकांसाठी जागी होती. त्यामुळे हौस की मजबुरी यावर सगळं ठरत नाही. तुम्ही झोपता तेव्हा आजूबाजूचं जग तुमची राखण करतं की तुमच्यापासून स्वतःची राखण करतं, हा फरक त्याहून मोठा आहे.

ही राखण सगळ्यांना सारखी मिळत नाही, हे मला घरातच कळलं असतं, कधी विचारलं असतं तर. मेमध्ये टेंट लावला त्या संध्याकाळी मी आजीला म्हणालो, "माळवदावर किती भारी झोप लागायची ना?" आजी म्हणाली, "तुमाला लागत आसंल. आमाला कोन झोपू देत होतं वर?" मी आठवून बघितलं. वर आबा, काका, बाबा आणि आम्ही पोरं. आई, काकू आणि आजी खाली, बंद दाराआड, पंखा असेल तर पंख्याखाली. माझ्या आठवणीतल्या त्या माळवदावर बायका नव्हत्याच, आणि इतकी वर्षं माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"मग तू उघड्यावर कधी झोपलीसच नाहीस?"

"झोपले की. वारीत."

शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी औंढा नागनाथवरून जाते. आजी एका वर्षी गावातल्या बायकांबरोबर त्या वाटेने चालत गेली होती. कधी शाळेच्या ओट्यावर, कधी राहुटीत, कधी नुसत्या ताडपत्रीवर. शेजारी अनोळखी माणसं. मी विचारलं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, "समदेच माऊली. कुनाला भ्यावं?" दारही नाही, कडीही नाही, आणि तरी साठीच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा आभाळाखाली गाढ झोप लागली. वारीत सगळं आदर्श असतं असं मला म्हणायचं नाही. पण हॉब्सला दाखवावी अशी जागा ती नक्कीच आहे.

त्याच रात्री ताई वर आली. ती नांदेडहून माहेरी आली होती. मी बाजेवर गेल्यामुळे टेंट रिकामाच होता. तिने वाकून आत बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "चेन आतून लागते ना?"

मी बॅटरीची सोय दाखवणार होतो, खिसा दाखवणार होतो. तिला फक्त चेनचं पडलं होतं. ती आत गेली, चेन लावली आणि त्या उकाड्यातही सकाळपर्यंत तिथेच झोपली. सकाळी म्हणाली, "पहाटे जाग आली तर जाळीतून चांदण्या दिसल्या. घराच्या वर मी पहिल्यांदाच झोपले." टेंट म्हणजे शहरी पोरांचा प्लॅस्टिकचा नखरा, खरी मजा उघड्या आभाळाखाली, असं मी मित्रांना अनेकदा ऐकवलं होतं. ते बोलणं परवडायला आधी पुरुष असावं लागतं. ज्याची राखण आजूबाजूची माणसं करत नाहीत त्याला भिंत लागते, मग ती कापडाची का असेना.

आता ती गोष्ट.

२०२५ चाच फेब्रुवारी. मी महिनाभर गावाहून काम करत होतो. सोयाबीन निघाल्यावर रस्त्याकडेच्या रानात आम्ही हरभरा पेरला नव्हता, त्यामुळे ते मोकळं होतं. तिथे एके दिवशी पाच पालं पडली. बांबूच्या कामट्या, त्यावर ताडपत्री आणि जुन्या साड्या, सुतळीने बांधलेल्या. बायका गावात फिरून सुया, पिना, फण्या विकायच्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गावातली चार माणसं बाबांकडे आली. "रानात कोण बसवून ठेवलंय? आपल्या मोटारीची केबल मागच्या साली गेली, इसरलास का?" केबल खरंच गेली होती. कुणी नेली ते आजवर कळलेलं नाही. जे कळत नाही ते या लोकांच्या नावावर जमा होतं.

बाबांबरोबर मीही गेलो. बाबा चढ्या आवाजात बोलले नाहीत. सकाळी निघा, म्हणाले. बरोबरच्यांपैकी एक जण म्हणाला, सकाळी नाही, आत्ताच. एक बाई म्हणाली, "लेकरं झोपलीत मालक. उजाडलं की जातो." कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. रात्री साडेआठला ते पालं सोडायला लागले. अंधारात गाठी सुटत नव्हत्या म्हणून मी मोबाईलचा टॉर्च धरला. त्या रात्री मी केलेली मदत एवढीच. एका माणसाने झोपलेलं पोर तसंच खांद्यावर टाकलं आणि ते वसमतच्या दिशेने चालायला लागले.

पवनेला मी टेंटमध्ये झोपलो त्याला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. कापड, काठ्या, दोऱ्या, जमिनीत ठोकलेल्या खुंट्या. पाल आणि टेंट यांची रचना एकच आहे. एकाच्या दाराशी माणूस जागा ठेवला होता तो आतल्यांना झोप लागावी म्हणून. दुसऱ्याच्या दाराशी आम्ही सहा जण उभे होतो ते आतल्यांनी झोपू नये म्हणून.

ही सहा माणसांच्या मनाची गोष्ट नाही, हे नंतर वाचताना कळत गेलं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. नोंदणी, हजेरी, परवानगीशिवाय हलायचं नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण नजर गेली नाही. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात कलम १२२ आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात रस्त्यात, आवारात किंवा इतरत्र पडून असलेल्या, चोर म्हणून बोलबाला असलेल्या आणि तिथे असण्याचं समाधानकारक कारण सांगू न शकणाऱ्या माणसाला त्याखाली शिक्षा होऊ शकते. यात चोरी सिद्ध व्हावी लागत नाही. बोलबाला पुरतो, आणि बोलबाला कुणाचा करायचा हे गाव ठरवतं. पवनेला मला कुणी विचारलं असतं की इथे रात्री का पडलायस, तर 'वीकेंड' हे समाधानकारक कारण होतं. 'आम्ही असेच राहतो' हे कारण नाही.

लक्ष्मण माने यांचं 'उपरा' मी कॉलेजात वाचलं होतं. कैकाडी कुटुंबाच्या गावोगावच्या फिरतीचं ते पुस्तक वाचून अस्वस्थ झालो होतो, मित्रांना वाचायला दिलं होतं. त्याचा त्या रात्री काडीइतकाही उपयोग झाला नाही.

मग कॅम्पिंग करणं चूक आहे का? मला तसं वाटत नाही. मी पवनेला गेलो नसतो तर त्या लेकराची झोप वाचली नसती. दुसऱ्याला न मिळणारं सुख आपण घेतलं म्हणजे लगेच पाप होत नाही. पण आपण कशाचा आनंद घेतोय हे नीट माहीत असावं. चांदण्यांचा म्हणून जो आनंद आपण सांगतो, त्यात बराचसा वाटा आपल्याला कुणी उठवणार नाही या खात्रीचा असतो. ती खात्री आपल्याला जन्माने, पैशाने आणि पुरुष असण्याने मिळालेली असते. एकदा हे कळलं की दुसऱ्याच्या पालासमोर टॉर्च धरून गप्प उभं राहणं अवघड व्हावं. निदान तेवढं तरी व्हावं.

मेमध्ये स्लॅबवर बसून मी हे सगळं बाबांना सांगितलं. म्हणालो, पुढच्या वेळी कुणी आलं तर पेरणीपर्यंत राहू द्या, बोअरचं पाणी घेऊ द्या. रान मोकळंच असतं, आपलं काय जातं?

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू पुन्यात झोपनार. रातच्याला मोटार, पाइप, केबल बघायला मीच जानार. मोठं मन तुजं, आन् राखन माजी."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते बरोबर होतं. पवनेच्या काकांच्या जाग्या डोळ्यांवर मी झोपलो होतो. आता बाबांच्या जागरणावर मी उदार व्हायला निघालो होतो. दोन्हीकडे जागणारा दुसराच.

"मग तू ये," बाबा म्हणाले. "ते येतील तवा तू ये. लॅपटॉप घेऊन ये. रातच्याला रानात तू झोप. त्यांच्या शेजारी. मग बगू गाव काय म्हनतंय."

मी हो म्हणालो. गावातली ती चार माणसं आली तर मी काय बोलेन, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. पण तिथे असेन, आणि या वेळी टॉर्च धरायला नाही.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही. टेंट मी पुण्याला परत आणला नाही. गावी लोखंडी कपाटावर ठेवलाय. ताई आली की वापरते. रस्त्याकडेचं रान अजून मोकळं आहे, तिथे परत कुणी आलेलं नाही. बाबांना सांगून ठेवलंय, पालं दिसली की आधी मला फोन करा.